विजेत्या संघाचा जावई

जिंकून दीड महिना होत आला तरी सिराजुद्दीनच्या तोंडातून तो सामना काही जात नव्हता. स्टोअरच्या खिडकीशी कुणी साधा वॉशर मागायला आला तरी त्याला आधी शेवटची इनिंग ऐकावी लागे, मग वॉशर मिळे. घाईत असलेले वेल्डर हात जोडून म्हणत, "सिराजभाई, आम्ही तिथंच होतो. आम्हीच खेळलो." त्यावर सिराजुद्दीन कीव केल्यासारखा हसायचा. खेळणाऱ्याला खेळातलं काय कळतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

गोष्ट एक्याऐंशी सालची. सौदीत धाहरानला अमेरिकन साहेबांची मोठी वसाहत होती. हिरवळ, झाडं, पोहायचे तलाव, सगळं कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेरच्या वाळूत कंत्राटदारांचे कॅम्प होते. तिथे पत्र्याच्या खोल्या, खोलीत चार खाटा, आणि खाटेखाली ज्याची त्याची पत्र्याची पेटी. अशाच एका कंत्राटदाराच्या पाइप यार्डात सिराजुद्दीन स्टोअरकीपर होता. गाव श्रीवर्धन. यार्डात निम्मे लोक रत्नागिरी-रायगडकडचे, बाकी केरळचे आणि फिलिपिनो. तेल जोरात होतं, काम जोरात होतं, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी माणसांना करण्यासारखं काहीच नव्हतं. रिकामी माणसं आपसात भांडतात, म्हणून डॉसन नावाच्या अमेरिकन फोरमनने त्यांच्या हातात बॅट आणि चेंडू दिला. खेळ अर्थातच त्याच्या गावचा, बेसबॉल.

कोकणातल्या पोरांनी संघ काढला आणि सिराजुद्दीनने त्याचं बारसं केलं, 'कोकण इलेव्हन'. बेसबॉलला नऊच खेळाडू असतात, हे डॉसनने सांगेपर्यंत पेंटरने शर्टांवर नाव रंगवूनही टाकलं होतं. "मग दोघं पाणी देतील," असं म्हणून सिराजुद्दीनने तो प्रश्न निकालात काढला. स्वतः त्याने पहिल्याच संध्याकाळी एकदा बॅट धरली, चेंडू नडगीवर घेतला, आठवडाभर लंगडला, आणि त्यानंतर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायला लागला. उंटावरून शेळ्या हाकायला त्याने तेव्हापासून सुरुवात केली, आणि उंटांच्याच मुलखात असल्यामुळे ते कुणाला फारसं खटकलंही नाही.

संघाची पहिली दोन वर्षं शोभेची गेली. चिपळूणचा केरू सुतार फटका झकास मारायचा, पण जन्मभर क्रिकेट खेळलेला माणूस, बॅट टाकून पळणं त्याच्या रक्तातच नव्हतं. बॅट काखोटीला मारून तो धावायचा, बेस आला की पाय ठेवायच्या ऐवजी लांबूनच बॅट टेकवायचा आणि समाधानाने मागे वळून बघायचा. तेवढ्यात समोरचा माणूस येऊन चेंडू त्याच्या पाठीला लावायचा. केरू बाद. "अरे, टेकवली ना!" म्हणून तो पंचाशी भांडायचा. असे किती सामने गेले, त्याची गणती नको.

तिसऱ्या वर्षी यार्डात फकरुद्दीन आला आणि चित्र पालटलं. दिघीजवळच्या वाडीतला हा पोरगा, वय पंचवीसच्या आत, कामाने वेल्डर. बोलायला गरीब. बाप लहानपणीच गेलेला. पण हात असा, की दगडाने देठ तोडून आंबा पाडावा आणि फळाला धक्का लागू नये. डॉसनने त्याला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, केलं, चेंडू कसा धरायचा ते दाखवलं, आणि महिन्याभरात जुबैलच्या यार्डातली फिलिपिनो पोरं, जी बॅट घेऊनच जन्मलेली होती, ती हवेत बॅट फिरवून परत जायला लागली. अंतिम सामना त्यांच्याशीच झाला. शेवटच्या इनिंगमध्ये त्यांचे तिघेही फकरुद्दीनने उभ्या उभ्या घरी पाठवले. केरूनेसुद्धा त्या दिवशी एकदा तरी बॅट टाकली. पितळी चषक यार्डात आला आणि स्टोअरमधल्या व्हॉल्व्हच्या फडताळावर बसला. सिराजुद्दीन रोज तो पुसायचा. फडताळ मात्र तीन वर्षांत कधी पुसलं गेलं नव्हतं.

चषक देताना डॉसन एक वाक्य बोलला, आणि तेच सगळ्या अनर्थाचं मूळ ठरलं. तो म्हणाला की जिंकणं सोपं असतं, पुढच्या वर्षीचा चषक खरा उन्हाळ्यात ठरतो, खेळ बंद असताना. कोण राहणार, कोण जाणार, तेव्हा घेतलेले निर्णयच संघाला तारतात किंवा मारतात. डॉसन हे चार लोकांत बोलायचं म्हणून बोलला आणि बार्बेक्यूकडे वळला. सिराजुद्दीनच्या मनात मात्र ते कुराणाच्या आयतीखालोखाल जाऊन बसलं.

एप्रिल संपला. ऊन इतकं चढलं की मैदानावर कुत्रंही फिरकेना. मग सिराजुद्दीनने निर्णय घ्यायला सुरुवात केली. कुणी विचारलं नव्हतं, पण तो थांबला नाही. एका खेळाडूला त्याने मनातल्या मनात काढून टाकला, दुसऱ्याची जागा बदलली. त्या दोघांना याचा पत्ता नव्हता, ते आपले रोज येऊन वॉशर मागत होते. खरी काळजी फकरुद्दीनची होती. जुबैलचा कंत्राटदार त्याच्यावर डोळा ठेवून होता. इथला करार संपवून पोरगा एकदा गावी गेला, की तिकडचा एजंट नवा व्हिसा घेऊन दारात उभा राहणार, आणि येताना पोरगा उतरणार तो जुबैलला. अशी किती तरी माणसं सिराजुद्दीनने जाताना पाहिली होती. सुट्टीवर म्हणून गेली, भेटली ती दुसऱ्याच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे.

"त्याला बांधून ठेवला पायजे," तो केरूला म्हणाला.

"कशानं बांधणार? तारेनं?" केरूने विचारलं.

सिराजुद्दीनने तारेपेक्षा पक्की वस्तू शोधली. त्याला एक मुलगी होती, रईसा. एकोणीस वर्षांची. पोरगी लग्नाची, पोरगा लग्नाचा, जमात एक, खाडीच्या अलीकडचं-पलीकडचं गाव, नाकासमोर चालणारा मुलगा. सांगायला कुठेही उणं नव्हतं, आणि हे सगळं खरंही होतं. फक्त हे सगळं त्याला सुचलं ते जुबैलच्या भीतीने. मुलीसाठी स्थळ बघणारे बाप खूप असतात. पिचरसाठी मुलगी बघणारा बाप धाहरानमध्ये तरी एकच होता.

फकरुद्दीन त्याला आधीपासून मामू म्हणायचा. विचारल्यावर तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "मामू, तुमी बोलाल तसा." फोटो पाठवायचा ठरला. शेजारच्या खोबर शहरातल्या स्टुडिओत जाऊन सूट भाड्याने घेऊन काढावा, असं फकरुद्दीनचं म्हणणं. पण सिराजुद्दीनने अंतिम सामन्यातलाच फोटो पाठवला. चेंडू टाकायच्या बेतात असलेला जावई, डाव्या हातात कातड्याचा भलामोठा मोजा. श्रीवर्धनला तो फोटो मोहल्लाभर फिरला. सिराजुद्दीनची बायको शरफुन्निसा हिने परत कळवलं, "पोरगा देखणा हाय. पन डावा हात केवढा सुजलाय, तो डाक्टरला दाखवलाव का?"

हाताचा खुलासा गेला, तिकडून होकार आला. निकाह शाबान महिन्यात, रमजानच्या आधी. बाप आणि नवरा मुलगा, दोघांनी बरोबरच यायचं. शरफुन्निसाने अंगणाला रंग काढला, पोरीच्या मामीने मेंदीवाली ठरवली. चार वर्षांत बाप पहिल्यांदा घरी येणार होता. एका सुट्टीचे पैसे घेऊन त्याने ते घराच्या स्लॅबमध्ये घातले होते. दुसरीत साखळी सामने होते, पण तेव्हा घरी "साहेब सोडत नाही" असं कळवलं होतं. डॉसनला बिचाऱ्याला श्रीवर्धनमध्ये किती शिव्या खाव्या लागल्या, हे त्याला कधी कळलं नाही.

आणि इथे सिराजुद्दीनला नवीच शंका आली. पोरगा लग्नाला गेला, लग्न झालं, नव्या नवरीत रमला, करार संपला, आणि तिथेच जुबैलवाल्याने गाठला, तर? बांधायला काढलेल्या दोरीनेच गाय बाहेर जात होती. जावई पळाला तरी जावईच राहील, पण पिचर गेला तर चषक गेला! दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो असा आनंदात उठला की केरूला वाटलं, याला ताप चढलाय.

"केरू, वली कोन असतो?"

"मला काय विचारतोस? मी सुतार."

"ऐक. आमच्यात निकाह कोन लावून देतो? नवरीचा बाप. तो वली. तो नवऱ्याला सांगतो, दिली. नवरा बोलतो, कबूल. साक्षीला दोन मानसं. झाला. आता मी कुठं हाय?"

"इथं, माज्या खाटेवर बसलायस."

"नवरा कुठं हाय?"

"शेजारच्या खोलीत घोरतोय."

"साक्षीदार?"

केरूच्या डोक्यात प्रकाश पडला तसा तो उठून बसला. "आणि पोरगी?"

"तिची इजाजत घ्यायची. फोनवर. तेवढंच तिचं काम." सिराजुद्दीनने हात झटकले. "कुनाला जायला नको, यायला नको. पुढल्या वर्षी आरामात जाऊ."

"मियां राजी, सासरा राजी, आणि बीवी फोनवर," केरू म्हणाला. "सिराजभाई, तू लगीन लावतोयस की टीम भरतोयस?"

कॅम्पच्या भटारखान्यात इसहाक नावाचा म्हसळ्याकडचा आचारी होता. मदरशात शिकलेला, नमाज तोच पढवायचा. सिराजुद्दीन त्याच्याकडे गेला तेव्हा तो कांदे चिरत होता. सगळं ऐकून घेऊन त्याने सुरी बाजूला ठेवली. "शरियतीला धरून हाय," तो म्हणाला, "वली हाय, नवरा हाय, साक्षी हायत. पोरीला विचारायला मात्र पायजे. ती लाजून गप राहिली, तरी ती हो समजायची. पन सिराजभाय, चालतंय म्हणजे करावाच असा नाय. माज्या तीन बहिनींची लग्ना झाली, बाप नवता. त्या आजून बोलतात."

यातलं पहिलं वाक्य सिराजुद्दीनने ऐकलं आणि पुढची वाक्यं कांद्याबरोबर तिथेच सोडून आला. त्यानंतर पंधरा दिवस तो खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला वलीची व्याख्या समजावत होता. हजर असायची गरज नसते, हक्क पोचला की माणूस पोचला. वकील, म्हणजे आपल्या जागी बोलणारा माणूस, नेमता येतो, फोन करता येतो, जमाना बदललाय. शेवटच्या इनिंगची गोष्ट त्या दिवसांत जरा मागे पडली, त्यामुळे वॉशर लवकर मिळायला लागले.

राहिला फकरुद्दीन. त्याला सिराजुद्दीनने सांगितलं की डॉसन सुट्टी देत नाही. पोराचा चेहरा उतरला. आणि डॉसनला जाऊन सिराजुद्दीनने सांगितलं की पोराला स्वतःलाच सुट्टी नको आहे, संघासाठी तो थांबतोय. डॉसन इतका गहिवरला की त्याने निकाहसाठी आपल्या ऑफिसातला फोन देऊ केला. दोन माणसांना दोन थापा मारल्या आणि दोन्ही पचल्या, असं काम आयुष्यात एखाद्यालाच जमतं. सिराजुद्दीनला त्यात खोटं काही वाटलंही नाही. त्याच्या लेखी तो उन्हाळ्यातला निर्णय होता.

घरी तार गेली. निकाह इथेच होणार, वली तिथे हजर असायची गरज नसते, शुक्रवारी दुपारी फोनवर रईसाला हजर ठेवा. शरफुन्निसाकडून काय काय येईल, याची त्याने मनात तयारी करून ठेवली होती. पण उत्तर आलं ते फक्त "ठीक". बायकोने एका शब्दात ऐकलं, म्हणून तो खूश झाला. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाने खरं तर तिथेच घाबरायला हवं होतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळा संघ डॉसनच्या ऑफिसात जमला. एअरकंडिशनर घरघरत होता. नवरा सोडून कोकण इलेव्हनचे आठही जण रंगवलेले शर्ट घालून आले होते, पाण्याचे दोघं दारात उभे होते. भिकू नावाच्या फिटरने कतीफच्या बाजारातून खजूर आणले होते. सिराजुद्दीनने चषकसुद्धा टेबलावर आणून ठेवला होता. इसहाकने तो उचलून खाली जमिनीवर ठेवला, सिराजुद्दीनने परत वर ठेवला. फकरुद्दीन नवा पांढरा कुर्ता घालून खुर्चीत बसला होता, कपाळावर कॅम्पमध्येच विणलेला सेहरा. घामाने त्यातली दोन फुलं त्याच्या नाकाला चिकटली होती.

डॉसन दार उघडून आत आला तो हसतमुखाने. त्याने फकरुद्दीनचा हात हातात घेऊन दाबला. "मी असं पाहिलं नाही कधी," तो इंग्रजीत म्हणाला. "स्वतःच्या लग्नाची सुट्टी स्वतःहून सोडलीस, तीही संघासाठी. मी दिली असती रे. तू मागितलीच नाहीस." पाठीवर थाप मारून तो निघून गेला.

फकरुद्दीनला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण वर्षभर साहेबाच्या हाताखाली वेल्डिंग केलेल्या माणसाला समजायला पुरेसं येतं. त्याने सेहऱ्यातून सिराजुद्दीनकडे पाहिलं. सिराजुद्दीन फोनच्या तबकडीकडे बघत होता आणि ती साफ करत होता.

बॉम्बेचं एक्स्चेंज लागलं, मग तिथून श्रीवर्धन लागलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातला फोन. आधी कंपाउंडर, मग शरफुन्निसा. "सगला बरा हाय," ती म्हणाली, "रईसाला देतंय." एवढंच. रिसीव्हरमधून आवाज असा खणखणीत येत होता की खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जात होता. सिराजुद्दीनला ते सोयीचंच वाटलं. साक्षीदार म्हणजे कसे, कानांनी ऐकणारे पाहिजेत.

इसहाकने रिसीव्हर घेतला. घसा साफ करून तो म्हणाला, "बेटी रईसा, तुजे वालिद सिराजुद्दीन हे तुजा निकाह फकरुद्दीनबरोबर लावून देतायत. तुजी इजाजत हाय?"

तिकडून काहीच आलं नाही. तारेतून नुसती खरखर येत होती. इसहाकने पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर.

"लाजली," सिराजुद्दीन कुजबुजला. "गप म्हनजे हो. तूच बोलला होतास." त्याने संघाकडे वळून हात वर केला, अगदी शेवटच्या इनिंगनंतर केला होता तसा. भिकूने खजुराचा डबा उघडला. कुणीतरी टाळीही वाजवली.

"थांबा," फोनमधून आवाज आला.

सगळे थांबले. सिराजुद्दीनने इसहाकच्या हातातून रिसीव्हर घेतला. "कोन बोलताय?" त्याने विचारलं.

"रईसा," आवाज म्हणाला.

तो गोंधळला. तो गेला तेव्हा रईसाचा आवाज बारीक होता, बोलताना ती धाप लागल्यासारखी घाई करायची. हा आवाज बाईचा होता. जाड, सावकाश. त्याच्या आईसारखा. आपल्या पोरीला आपण ओळखलं नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं, आणि तिकडेही कळलं, हे त्याला जाणवलं.

"मी लाजून गप नवते," ती म्हणाली. "खरखर थांबायची वाट बघत होते."

"बरा, बरा. आता हो बोल, पोरी. साहेबाचा फोन हाय."

"कुनाला हो बोलू? मी दवाखान्यात बसलेय, बाबा. बाजूला खोकल्याचे पेशंट हायत. एक म्हातारा मगापासून विचारतोय, पोरीला काय झालाय म्हनून."

खोलीत कुणीतरी हसलं. सिराजुद्दीनने आवाज खाली आणला. "नवरा पसंत नाय का तुला?"

"पसंत हाय. फोटो रोज बघते. पन मना तो चालताना बघायचा हाय, जेवताना बघायचा हाय. त्याला पन मना बघू दे. मग मी हो बोलेन. त्यांना पाठवा."

"अगं, तो आता आला तर परत येनार नाय! तुला नाय समजायचा. जुबैलवाले..."

"जुबैलला जाईल तर जुबैलला जाईल. माजा निकाह त्या चेंडूशी नाय ना लागनार?"

केरूने खिडकीकडे तोंड फिरवलं. सिराजुद्दीनने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सामना हातातून निसटतोय हे तीन वर्षं खुर्चीत बसून त्याला बरोबर कळायला लागलं होतं. अशा वेळी तो पोरांना ओरडून सांगायचा, काहीतरी द्या, काहीतरी घ्या. त्याने द्यायला काढलं.

"बरा, ऐक. पुढल्या वर्षी आमी दोघांव येतो. मी सोता येतो. मोठा मांडव घालू. सगल्या गावाला जेवन. मी सोता उभा राहून निकाह लावतो तुजा. वचन हाय."

तिकडे पुन्हा खरखर. या वेळी मात्र त्याला ती लाज वाटली नाही.

"तुमी नाय आलाव तरी चालंल," रईसा म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाशी त्याला भांडता आलं असतं. ती अगदी समजुतीने बोलत होती, घरातल्या मोठ्या बाईसारखी.

"मायनं दोन वर्षां तुमच्या वाट्याचे आंबे अढीत ठेवले. सडले. या वर्षी नाय ठेवले. रागानं नाय बोलत, बाबा. आमाना आता सवय झालीय. तुमी तिथं ऱ्हावा. तुमचा खेल सोडू नका. चाचा हायत हितं. तुमी वली हाव तर चाचांना वकील करा, ते लावतील माजा निकाह. वली हजर असायची काय गरज नाय, तुमीच तारेत लिवलाव. फक्त त्यांना पाठवा."

रिसीव्हर कानाशी धरून सिराजुद्दीन उभा राहिला. पंधरा दिवस त्याने यार्डभर जे शिकवलं होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. वकील नेमता येतो. हक्क पोचला की माणूस पोचला. कुणाला आठवण करून द्यायची गरज नव्हती. त्याने इसहाककडे पाहिलं, म्हणजे शरियतीत कुठे तरी फट असेल तर हा दाखवील. इसहाकने खाली बघितलं आणि म्हणाला, "चालतंय, सिराजभाय. बाप जिवंत असून लांब असला तर त्याला भाऊ नेमता येतो."

सिराजुद्दीनला पहिल्यांदाच वाटलं की जावं. आत्ता, या शुक्रवारी, मिळेल त्या विमानाने. अंगणाला रंग लागलाय, त्या अंगणात उभं राहावं, आणि हा जाड आवाज कुठल्या चेहऱ्यातून येतो तो बघावा. "रईसा, मीच येतो," असं त्याच्या तोंडात आलंही. पण मागच्या दोन वेळी त्याने हेच शब्द कळवले होते, आणि आता ते त्याच्याच जिभेवर टिकेनात. पोरीने बाप मागितलाही नव्हता. मागितला होता पिचर.

त्याने मान हलवली.

"बाबा? मान हलवलीव काय? मना हितं दिसत नाय. तोंडानं बोला. साक्षीदार हायत ना तिथं?"

साक्षीदार होते. आठ खेळाडू, पाण्याचे दोघं आणि आचारी, सगळे साफ ऐकत होते.

"कबूल," सिराजुद्दीन म्हणाला.

"बरा," ती म्हणाली. "आता त्यांना द्या फोन."

फकरुद्दीनने सेहरा कधीच काढून मांडीवर ठेवला होता. सिराजुद्दीनने रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि बोलायला जागा व्हावी म्हणून तो बाजूला झाला.